चूक टेम्पोवाल्याची, बिल आमच्या नावावर : थर्ड पार्टी विम्याची जुनी गोष्ट

गेल्या वर्षी संक्रांतीच्या दोन दिवस आधी केजहून बीडला येत होतो. मांजरसुंबा अजून पुढं होतं. समोरून एक टेम्पो उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला म्हणून आमच्या बाजूला आला, तो परत त्याच्या बाजूला गेलाच नाही. मी गाडी साइडपट्टीच्या खाली घेतली. टेम्पोनं उजवं मागचं दार घासलं, गाडी फिरली आणि डाव्या अंगानं बाभळीवर जाऊन आदळली. मला खरचटलंसुद्धा नाही. डाव्या सीटवर बायको होती. तिच्या मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्याच्या काउंटरवर पोरगं म्हणालं, "पन्नास हजार डिपॉझिट भरा."

मी म्हणालो, "अरे बाबा, चूक टेम्पोवाल्याची आहे. त्याच्या गाडीचा विमा चालू आहे, मी ॲपवर नंबर टाकून बघितलाय."

"ते तुमचं तुम्ही बघा सर. आमच्याकडं बिल पेशंटच्या नावावर निघतं."

मित्रांनो, वीसेक वर्षं मी अपघाताच्या बातम्या लिहितोय. एक ठार, तीन जखमी, चालक फरार, पुढील तपास सुरू. चार ओळी. त्या चार ओळींनंतर जखमीच्या घरात काय होतं, बिल कोण भरतं, हे मी एकदाही लिहिलं नव्हतं. काउंटरवर उभं राहिल्यावर माझाच मला राग आला. आठ दिवसांनी हातात बिल पडलं २ लाख १४ हजार ६०० रुपयांचं. मेडिक्लेम होता, पण दवाखाना त्यांच्या यादीत नव्हता. पैसे आधी आपण भरायचे, मग फाइल पाठवायची. दीड महिन्यानं त्यातले १ लाख ३८ हजार आले. गाडीचं बिल वेगळं. ते आपल्याच कंपनीकडून घेतलं, तर घसारा कापला आणि नो क्लेम बोनसही गेला. चूक दुसऱ्याची, हप्ता आपला वाढला.

चूक त्याची, विमा त्याचा, तर बिल माझ्याकडं का? हा प्रश्न डोक्यातून जाईना. बीडच्या कोर्टात ओळखीच्या वकीलसाहेबांकडं बसून, जुने निकाल वाचून जे कळलं ते आज लिहितोय. मोठं आहे, पण वाचा. कधी कुणावर वेळ येईल सांगता येत नाही.

सुरुवात ‘थर्ड पार्टी’ या शब्दापासून करू. विम्याचा करार दोघांत होतो. पहिला गाडीमालक, दुसरी कंपनी. तिसरा म्हणजे रस्त्यावरचा तो माणूस, ज्याला या कराराची खबरसुद्धा नसते आणि ज्याला ही गाडी एक दिवस ठोकणार असते. म्हणजे तुम्ही आणि मी. आपण पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीवर "थर्ड पार्टी मारून दे रे, पोलीस धरतात" म्हणून जो कागद घेतो, तो आपल्यासाठी नसतोच. तो आपल्या गाडीखाली येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो.

पण त्या कागदात कंपनी वचन देते ते मालकाला. कायद्यानं तुझ्यावर भरपाईची जबाबदारी आली, तर तुझ्या वतीनं मी भरीन, असं. म्हणजे आधी जबाबदारी ठरायला पाहिजे. ती ठरवणार कोर्ट. तोवर दवाखान्याचा आणि त्या कंपनीचा काही संबंध नाही. काउंटरवरचं पोरगं खोटं बोलत नव्हतं. ही रचनाच तशी आहे आणि ती ८० वर्षांपेक्षा जुनी आहे.

इंग्लंडमध्ये १९३० च्या कायद्यानं थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. आपल्याकडं मोटार वाहन कायदा आला १९३९ साली. त्याचं आठवं प्रकरण विम्याचं. कायदा झाला, पण ते प्रकरण मात्र लागू झालं १ जुलै १९४६ ला. मधली सात वर्षं गाड्या पळत होत्या आणि तिसरा माणूस वाऱ्यावर होता. आपला बीड जिल्हा तर तेव्हा इंग्रजांच्या नव्हे, निजामाच्या राज्यात. निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ मध्ये २७ बस घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली होती. बाकी आपल्या भागात बैलगाडीच. धक्का लागला तर भांडण व्हायचं आणि बहुतेकदा चावडीवर मिटायचं.

त्याआधी काय होतं? १८५५ चा एक कायदा होता, अपघातात माणूस मेला तर त्याच्या वारसांना दावा करू देणारा. दावा दिवाणी कोर्टात. मागाल त्या रकमेच्या हिशेबानं कोर्ट फी आधी भरायची. नवरा गेलेली बाई कोर्ट फी कुठून आणणार? तिनं दावा करूच नये अशीच ती व्यवस्था म्हणायची.

१९५६ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, हे आपल्याला शाळेत शिकवलं. त्याच वर्षी मोटार कायद्यात दुरुस्ती होऊन अपघात दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण करायची सोय झाली, हे कुणी शिकवलं नाही. आज जिल्हा कोर्टात दारावर ‘मोटार अपघात दावा प्राधिकरण’ अशी पाटी दिसते, तिचं मूळ तिथं. अर्ज करायला मुदत किती? ६० दिवस. बाराव्या-तेराव्याचा खर्च फिटायच्या आत वकील गाठायचा. १९६९ च्या दुरुस्तीनं ती सहा महिने झाली. मुदतीचा हा आकडा ध्यानात ठेवा, शेवटी परत त्याच्यावर यायचंय.

न्यायाधिकरण आलं, कोर्ट फीचं ओझं हललं, पण मुख्य गाठ तशीच राहिली. चूक सिद्ध करा. कुणी? जो मेला त्याच्या बायकोनं, जो बेशुद्ध होता त्याच्या भावानं. रात्री दोन वाजता घाटात साक्षीदार कुठला? मुंबईच्या एका प्रकरणात हायकोर्टानं म्हटलं होतं की चूक सिद्ध करायची गरज नाही, गाडीनं इजा झाली म्हणजे मालक जबाबदार. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते अमान्य केलं. निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. कायद्याच्या अक्षरानं ते बरोबर असेलही. पण त्याच काळात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासारखे न्यायाधीश निकालांतून सरकारला सांगत होते की हा कायदा बदला.

बदलला १९८२ ला. १ ऑक्टोबर १९८२ पासून ‘चूक कुणाचीही असो’ ही भरपाई आली. मृत्यूला १५ हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. गाडी ठोकून पळून गेली असेल तर मृत्यूला ५ हजार आणि गंभीर जखमेला १ हजार. आकडे आज वाचून हसू येतं. पण तत्त्व मोठं होतं. पहिल्यांदाच कायदा म्हणाला की आधी पैसे द्या, भांडण नंतर.

या पंधरा हजारांसाठी एक लढाई झाली, ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. २९ ऑक्टोबर १९८७, पहाटे तीनच्या सुमारास सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ हमरस्त्यावर पेट्रोलचा टँकर आणि ट्रकची धडक झाली. टँकर उलटला. पेट्रोल गळायला लागलं. सकाळी गावातली माणसं जमली. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. कित्येक भाजले, काही गेले. घरच्यांनी भरपाई मागितली तेव्हा समोरच्यांचं म्हणणं काय? टँकर तर चार तासांपासून आडवा पडला होता. चालतच नव्हता, तर ‘मोटार वाहनाच्या वापरातून’ झालेला अपघात कसा म्हणायचा? हे प्रकरण पंधरा हजारांसाठी थेट दिल्लीला गेलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ‘वापर’ या शब्दाचा अर्थ एवढा आखूड धरता येणार नाही, उलटून पडलेली गाडीसुद्धा वापरातच आहे. आज देशभर वकील हा निकाल काढतात. तो कवठ्याच्या शिवारातून आला, हे साताऱ्यातल्या किती लोकांना माहीत असेल कोण जाणे.

पुढं १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात मालवाहू गाडीच्या अपघातात कंपनीची जबाबदारी आधी २० हजारांवर, मग ५० हजारांवर, मग दीड लाखावर थांबायची. वरचे मालकाकडून वसूल करा. मालकाकडं जुना ट्रक आणि त्याच्यावर कर्ज. नव्या कायद्यानं मृत्यू आणि जखमेसाठी ती मर्यादा काढून टाकली. गाडीच्या नुकसानीला मात्र ६ हजारच ठेवले. अजूनही काही पॉलिसींवर बारीक अक्षरात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान ‘६,००० पर्यंत’ असं लिहिलेलं सापडतं, कारण तेवढ्यावरच थांबलं तर हप्त्यात थोडी सूट मिळते. आपली पॉलिसी काढून एकदा बघा. त्या सुटीपायी उद्या दुसऱ्याच्या गाडीचा लाखाचा खर्च अंगावर येईल.

१९९४ च्या दुरुस्तीनं मुदतीची अटच काढली. अपघात झाला, माणूस दोन वर्षं अंथरुणाला खिळला, तरी नंतर दावा करता येऊ लागला. माझ्या मते गरिबाच्या बाजूनं झालेली ही सगळ्यात मोठी दुरुस्ती. तिची चर्चा कुठंच झाली नाही.

आता रक्कम कशी काढतात. बऱ्याच जणांना वाटतं न्यायाधीशाच्या मनात येईल तो आकडा. पूर्वी थोडं तसं होतंही. एकाच वयाच्या, एकाच कमाईच्या दोन माणसांना दोन कोर्टांत दोन भाव. २००९ च्या सरला वर्मा निकालानं आणि ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालानं हिशेब पक्का केला. उदाहरण घ्या. ३५ वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा माणूस, महिन्याला १२ हजार कमाई, मागं खाणारी पाच तोंडं. भविष्यात कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के वाढवायचे, झाले १६,८००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, राहिले १२,६००. वर्षाचे १ लाख ५१ हजार २००. या वयाला गुणक १६. म्हणजे २४ लाख १९ हजार २००. वर अंत्यविधी वगैरेचे ठरलेले पैसे. हा हिशेब कुणीही वहीच्या मागच्या पानावर करू शकतो. म्हणून लोकअदालतीत कुणी "आठ लाखांत मिटवून टाका, नाहीतर दहा वर्षं लागतील" म्हणालं, तर सही करायच्या आधी वही काढा.

कमाईचा कागद नसेल तर? आपल्याकडं कुणाकडं असतो! एका भाजी विकणाऱ्याच्या प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कागदाशिवाय महिना ६,५०० कमाई धरली. अपघात २००८ चा होता. आणि घर सांभाळणारी बाई? "काही कमवत नाही" असं आपण पोलिसांच्या जबाबात सहज लिहून मोकळे होतो. जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घरकामाला किंमत आहे आणि तिची कमाई धरूनच हिशेब करायचा. माझ्या बायकोच्या जबाबात हवालदारानं ‘गृहिणी’ लिहिलं होतं. ती शिवणकाम करते, दिवाळीत रात्री एक-एक वाजेपर्यंत मशीन चालते. मी तिथंच उभा होतो आणि माझ्याही लक्षात आलं नाही. तिनंच सांगितलं, "शिवणकाम लिहा."

मात्र बीडचा माणूस या सगळ्या इतिहासात बसतो का, हा वेगळा प्रश्न आहे. कारण आपला माणूस मोटारीत कमी आणि ट्रॉलीत जास्त बसतो.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून कोयते निघतात. बाहेरच्यांसाठी सांगतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. संसार, चुली, पाचटाच्या खोपीचं सामान, शेळी, लेकरं सगळं ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, त्याच्यावर माणसं. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. मार्च-एप्रिलला परत. जाताना आणि येताना, आणि मधल्या काळात फडातून फडात. यातली एखादी ट्रॉली उलटली की आम्ही चार ओळी लिहितो.

ट्रॉली मालवाहू आहे. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाला विमा लागू होतो का? १९९९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालय म्हणालं, होतो. तीनच वर्षांनी, २००२ च्या अखेरीस, तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते मत बदललं. १९९४ च्या दुरुस्तीनं मालवाहू गाडीत ‘मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी’ विम्यात आला, बाकी प्रवासी नाही. मग ऊसतोड मजूर कोण? त्याच्या मालकीचं काय, तर भांडी आणि गोधड्या. गाडीमालकाचा कामगार म्हणावा तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याइतकी रक्कम मिळायची वाट असते. पण तो कुणाचा कामगार? ट्रॅक्टरमालक म्हणतो मुकादमाचा. मुकादम म्हणतो कारखान्याचा. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, मजूर आम्हाला माहीत नाही. उचल देताना सगळ्यांना त्याचं नाव, गाव, अंगठा पाठ असतो. भरपाईच्या वेळी तो कुणाचाच नसतो. त्यात ट्रॅक्टरचा विमा ‘शेतीकामासाठी’ आणि ट्रॉलीचा वेगळा विमाच काढलेला नाही, असा प्रकार निघाला की कंपनीच्या वकिलाचं काम सोपं होतं. काही निकालांत न्यायालयांनी ‘कंपनीनं आधी द्यावे, मग मालकाकडून वसूल करावेत’ असा मार्ग काढलाय. पण तो त्या त्या प्रकरणापुरता. हक्क म्हणून नाही.

हीच ट्रॉली दुसऱ्याच्या गाडीला धडकली तर धडक बसलेला माणूस थर्ड पार्टी, त्याला विमा आहे. ट्रॉलीत बसलेली, चूक नसलेली बाई त्याच अपघातात कुणीच नाही. एसटीतला प्रवासी बरा म्हणायचा. महामंडळ खाजगी कंपनीचा विमा न काढता भरपाई स्वतःच्या निधीतून देतं, पण पैसे कुणाकडं मागायचे हे तरी नक्की असतं.

आता अलीकडच्या कायद्याकडं. त्याचा एक धागा बीडला येतो. ३ जून २०१४. गोपीनाथराव मुंडे केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. विजयी सत्कारासाठी बीडला यायला म्हणून सकाळी दिल्लीत विमानतळाकडं निघाले आणि वाटेत त्यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते मागच्या सीटवर होते. पुढं काय झालं ते या जिल्ह्याला सांगायची गरज नाही. त्यानंतर लगेच केंद्रीय वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी नवा रस्ता सुरक्षा कायदा आणायची घोषणा केली. मसुदे झाले, अडकले, परत झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये मोटार वाहन दुरुस्ती कायदा झाला. आपण त्याच्यातला फक्त हेल्मेटचा वाढीव दंड लक्षात ठेवला.

विम्याचा भाग लागू झाला १ एप्रिल २०२२ पासून. त्यात चांगलं पुष्कळ आहे. चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर जखमेला अडीच लाख. ठोकून पळालेल्या गाडीच्या अपघातात मृत्यूला २ लाख, गंभीर जखमेला ५० हजार. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल द्यायचा, ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा. तोच दावा म्हणून धरता येतो. पण एक मेख आहे. कंपनीनं देऊ केलेले हे अडीच किंवा पाच लाख घेतले, की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. सही करताना हे कुणी सांगत नाही.

दुसरी मेख मुदतीची. १९९४ ला काढलेली सहा महिन्यांची अट २०१९ च्या कायद्यानं परत आणली. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा विचार करा. डिसेंबरात कोल्हापूरकडं ट्रकनं ट्रॉलीला मागून ठोकलं, नवरा गेला. फिर्याद तिकडच्या ठाण्यात. उचल फिटलेली नाही म्हणून ती दिरासोबत एप्रिलपर्यंत फडातच. मेमध्ये गावी आली, जूनमध्ये पेरणी. वकिलाकडं पोचेपर्यंत मुदत गेलेली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की निर्णय होईपर्यंत फक्त मुदत संपली म्हणून दावे फेटाळू नका. दिलासा आहे, पण अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर बसू नका, सहा महिन्यांच्या आतच दावा टाका.

आणि दवाखान्याचं बिल? त्याच २०१९ च्या कायद्यात सोनेरी तासातल्या मोफत उपचाराची योजना करायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला फटकारून मुदत घालून दिली, तेव्हा कुठं ५ मे २०२५ ला योजना आली. अपघातापासून सात दिवस, माणशी दीड लाखापर्यंत, यादीतल्या दवाखान्यात रोख न भरता. चूक कुणाची हे विचारायचं नाही. १९४६ ला सुरू झालेल्या गोष्टीला काउंटरपर्यंत पोचायला ७९ वर्षं लागली. आमचा अपघात जानेवारीचा, योजना मेची. चार महिन्यांनी हुकली. आपल्या भागातले कुठले दवाखाने त्या यादीत आहेत ते आजच बघून ठेवा, अपघाताच्या रात्री यादी शोधायला वेळ नसतो.

बिलांबद्दल अजून एक महत्त्वाचं. आमच्या दाव्यात टेम्पोच्या विमा कंपनीनं लेखी म्हणणं दिलं की बिलातले १ लाख ३८ हजार तुम्हाला मेडिक्लेममधून मिळालेत, ते वजा करा. वरवर बरोबर वाटतं, नाही का? पण तो मेडिक्लेम मी वर्षानुवर्षं हप्ते भरून घेतलेला. माझ्या हप्त्याचा फायदा टेम्पोवाल्याच्या कंपनीनं का घ्यायचा? आयुर्विम्याचे पैसे भरपाईतून कापायचे नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच सांगितलं होतं, आपल्या एसटी महामंडळाच्याच एका प्रकरणात. मेडिक्लेमबद्दल मात्र वेगवेगळी मतं होती. २८ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं निकाल दिला की मेडिक्लेमची रक्कमसुद्धा वजा करता येणार नाही. आमच्या अपघातानंतर अडीच महिन्यांनी. ही वेळ मात्र आमच्या बाजूनं आली.

कंपनीचा दुसरा मुद्दा होता चालकाच्या लायसन्सचा. हलक्या वाहनाचं लायसन्स आहे, वाहतुकीच्या वाहनाचा शेरा नाही, म्हणून आमची जबाबदारी नाही. हा मुद्दाही ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाली काढलाय. साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. हे कंपनीच्या वकिलांनाही माहीत असणार. तरी लेखी म्हणण्यात तो मुद्दा घातलाच. उत्तर न देणारा एखादा सापडतोच, या हिशेबानं असेल.

आम्ही दावा जूनमध्ये टाकला, पाच महिन्यांच्या आत. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, मेडिकलच्या प्रत्येक पावतीची झेरॉक्स, केज-बीड फेऱ्यांच्या गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या. मेडिक्लेमच्या कंपनीनं मूळ बिलं ठेवून घेतली होती, त्यांच्याकडून शिक्क्यानिशी प्रती मागून घेतल्या. त्यालाच तीन आठवडे गेले. फाइल पाठवायच्या आधीच सगळ्याच्या प्रती काढून ठेवल्या असत्या तर हे वाचलं असतं.

मागच्या महिन्यात कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला. अडीच लाख घ्या आणि मिटवा. मी तेव्हाच हो म्हणणार होतो, खरं सांगतो. खर्च निघाला म्हणजे झालं, असं वाटलं. बायको म्हणाली, "पाय वाकत नाही त्याचे किती धरलेत विचारा." त्यानं ते धरलेलंच नव्हतं. पुढच्या तारखेला हाडांच्या डॉक्टरांची साक्ष आहे, अपंगत्वाच्या टक्क्यांवर.

डाव्या पायानं पायटा मारता येत नाही म्हणून तिनं शिलाई मशीनला मोटार बसवून घेतलीय. १,८५० रुपये लागले. त्याचीही पावती फाइलला लावलीय.